मुलीच्या बुटाचा भाव

महागाईचा विषय निघाला की आपल्या गटाच्या बैठकीत बायका बोलायच्या थांबत नाहीत. गोडेतेल, तूरडाळ, गॅसचे सिलिंडर, रिक्षाचे भाडे, दवाखान्याचे बिल, सगळ्याचा हिशेब प्रत्येकीला तोंडपाठ असतो. पण मुलीच्या खेळाच्या बुटांना किती पडले, हा विषय मी बैठकीत कधी निघालेला ऐकला नाही. तो निघत नाही, कारण ती वस्तू गरजेच्या यादीत नसतेच. ती 'हौस' या खात्यात जाते. आणि घरात पैसा कमी पडला की पहिली काट बसते ती मुलीच्या हौसेवर.

म्हणून या अंकात मी एका साध्या, बाजारी प्रश्नाकडे मैत्रिणींचे लक्ष वेधणार आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानात भाव कसा ठरतो? त्यातले किती रास्त आणि किती वरकड? तो भाव मुलीच्या वाटेत मुलापेक्षा जास्त का आडवा येतो? प्रश्न दुकानाचा वाटला तरी तो आपला आहे. महागाई हा बाईचा राजकीय प्रश्न आहे हे महाराष्ट्रातल्या बायकांनीच दाखवून दिले. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेव्हा मागणी धान्य, तेल, रॉकेलची होती. आज आपल्या मुली मैदानावर पोचल्या आहेत, तर मैदानाचा खर्चही महागाईच्या चर्चेत यायला हवा.

कोल्हापूरचा अभिमान आणि कोल्हापूरच्या मुली

कोल्हापूरला आपण क्रीडानगरी म्हणतो. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले. पेठापेठांतल्या तालमींनी इथे कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही जगवले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच शहरात घडले. त्यांना परदेशी धाडण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत इथल्या शाळांतून अजून सांगितली जाते.

मुलींचा इतिहासही लहान नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी क्रिकेट खेळली. शेजारच्या सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

या मुलींचे फोटो चौकाचौकांत लागतात, सत्कार होतात. पण खर्डेकर सरांची गोष्ट सांगताना आपण एक विचार करत नाही. एका खेळाडूसाठी एका माणसाला घर गहाण टाकावे लागले, ही त्या माणसाच्या मोठेपणाची गोष्ट आहे तशी व्यवस्थेच्या कोतेपणाचीही आहे. आणि घर गहाण टाकण्याइतका विश्वास आपला समाज किती मुलींवर दाखवतो? पदकापर्यंत पोचलेल्या मुली दिसतात. बाराव्या-तेराव्या वर्षी बुटांवाचून थांबलेल्या मुली दिसत नाहीत, आणि त्यांचा सत्कारही कोणी करत नाही.

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गावांत आणि शहरातल्या वस्त्यांत किशोरी गटांबरोबर काम करताना अशा मुली मला भेटत राहतात. एका वस्तीत आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगा क्रिकेट खेळतो, मुलगी फुटबॉल. मुलाची बॅट तुटली तेव्हा आठ दिवसांत दुसरी आली. मुलीचे बूट फाटले तेव्हा ती भावाचे जुने बूट पुढे चिंधी कोंबून घालू लागली. आईला विचारले तर म्हणाली, "तिचं काय, आणखी दोन वर्षं खेळंल. लग्नानंतर कोण खेळतंय?" या आईला मी दोष देणार नाही. तिच्या हातात जेवढे येते तेवढ्यात ती कोणत्या खर्चाचे फळ घरात राहील याचा हिशेब करते, आणि तो हिशेब तिला पुरुषप्रधान व्यवस्थेनेच शिकवलेला आहे. पण या हिशेबात दुकानातला भावही एक आकडा आहे. तो शंभर-दोनशेने खाली आला असता, तर कदाचित त्या मुलीचा पाय दुखावला नसता.

खेळाच्या सुरुवातीचा खर्चही मुलगा-मुलगी बघून बदलतो. मातीतल्या कुस्तीला मुलाला लंगोट पुरतो. मुलीला पहिल्या दिवसापासून अंगभर कॉस्च्युम, आतले कपडे, टी-शर्ट आणि बूट लागतात. मुलगा गल्लीत उघड्या अंगाने, अनवाणी फुटबॉल शिकतो, मुलीला ती मोकळीक नाही. म्हणजे मुलीच्या खेळाची पहिली पायरीच दुकानात आहे.

भाव कसा चढतो

आता दुकानात शिरू. आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटते की भाव दुकानदार ठरवतो आणि वेष्टनावर छापलेली किंमत सरकार ठरवते. दोन्ही समज अपुरे आहेत.

वेष्टनावरची कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, उत्पादक किंवा आयात करणारा ठरवतो. २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम सांगतात की ही किंमत सर्व करांसह छापली पाहिजे आणि तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे. पण खेळाच्या बुटावर किंवा चेंडूवर ती किंमत किती असावी, यावर कायद्याचे बंधन नाही. तीनशेची वस्तू बाराशेची म्हणून छापली तरी हा कायदा आडवा येत नाही. म्हणून छापील किंमत ही रास्त किमतीची खूण समजू नका. ती फक्त वरची भिंत आहे, आणि ती भिंत हवी तितकी उंच बांधता येते.

इथूनच 'सवलती'चा खेळ सुरू होतो. समजा, दुकानदाराला बुटाचा जोड ६०० रुपयांना पडला. वेष्टनावर १,५०० छापले आहेत. दुकानदार म्हणतो, "ताई, तुमच्यासाठी चाळीस टक्के सूट." आपण ९०० रुपये देतो आणि सहाशे वाचले म्हणून खुशीत बाहेर पडतो. प्रत्यक्षात त्याने खरेदीवर ३०० रुपये, म्हणजे पन्नास टक्के चढवले आहेत. तोच तीनशेचा आकडा विक्रीच्या किमतीशी लावला तर तेहतीस टक्के होतो. म्हणून एखादा व्यापारी "आमचा नफा तेहतीस टक्केच" म्हणाला, तर तो खरेदीवर बोलतो की विक्रीवर, हे विचारायला शिका. एकाच व्यवहाराचे हे दोन आकडे आहेत.

हे तीनशे रुपये सगळे दुकानदाराच्या खिशात जातात का? नाही. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज, नोकरांचा पगार, कर्जाचे व्याज जाते. खेळाच्या सामानात आणखी एक अडचण असते. बुटांची मापे खूप, आणि माल हंगामी. शाळा सुरू होताना आणि स्पर्धांच्या दिवसांत विक्री होते, एरवी माल पडून राहतो. न खपलेल्या मापांचा तोटा खपलेल्या मापांवर चढतो. जालंधर किंवा मेरठहून निघालेला माल मोठ्या व्यापाऱ्याकडून लहान व्यापाऱ्याकडे आणि तिथून दुकानात येतो, प्रत्येक टप्प्यावर थोडे वाढते. त्यात आता मोबाइलवरून घरपोच माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्या आल्या आहेत. त्या काही काळ तोटा सोसून स्वस्त विकू शकतात, महाद्वार रोडवरचा छोटा दुकानदार ते करू शकत नाही.

म्हणून दुकानदाराला सरसकट लुटारू ठरवणे मला पटत नाही. छोटी दुकाने बंद पडली तर मुलीला बूट पायात घालून बघायला जागा उरणार नाही. आपला आक्षेप नफ्यावर नाही, लपवाछपवीवर आणि अडवणुकीवर आहे.

अडवणूक कुठे होते? जिथे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही तिथे. शाळा सांगते, अमुकच दुकानातून खेळाचा गणवेश घ्या. विशिष्ट दुकानाची सक्ती करू नये असे शिक्षण खात्याने वारंवार बजावले आहे, तरी तोंडी सक्ती चालते. काही ठिकाणी प्रशिक्षकच दुकान सुचवतो आणि त्या सुचवण्याची किंमत बिलात मिसळलेली असते. आई विचारत नाही, कारण प्रशिक्षक नाराज झाला तर मुलीला संघातून वगळेल ही भीती असते. मुलाच्या आईपेक्षा मुलीच्या आईला ही भीती जास्त. मुलींचे संघ कमी, मुलींना शिकवायला तयार असणारे प्रशिक्षक कमी. एक दार बंद झाले तर दुसरे नाही.

कर उतरला, भाव उतरला का?

करांचे गणित आपल्याला कंटाळवाणे वाटते. पण त्यात आपले पैसे आहेत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा बहुतेक क्रीडासाहित्यावर बारा टक्के कर बसला. त्याच वेळी सॅनिटरी पॅडवरही बारा टक्के होता. देशभरातल्या बायकांनी आवाज उठवला आणि २०१८ च्या जुलैत पॅडवरचा कर पूर्ण उठला. बायका करावर बोलल्या तर कर उतरतो, याचा हा ताजा पुरावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडासाहित्यावरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. व्यायामाच्या यंत्रसामग्रीला मात्र ही सवलत नाही. २,५०० रुपयांपर्यंतच्या बुटांवर आणि कपड्यांवरही आता पाच टक्केच कर आहे. हजार ते अडीच हजारांच्या बुटांवर त्याआधी अठरा टक्के होता. साधा हिशेब करा. करापूर्वी हजार रुपयांचा चेंडू पूर्वी १,१२० ला पडायचा, आता तो १,०५० ला पडायला हवा. सत्तर रुपये उतरायला हवेत. बुटाच्या जोडात हा फरक हजाराला एकशे तीस रुपयांचा होतो.

हे पैसे आपल्यापर्यंत पोचले का, हे कोण बघणार? कराची सवलत व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला दिली नाही तर दाद मागण्यासाठी जीएसटी कायद्यात नफेखोरीविरोधी व्यवस्था होती. पण १ एप्रिल २०२५ पासून तिच्यात नव्या तक्रारी घेणे बंद झाले, आणि मोठी करकपात झाली ती त्यानंतर सप्टेंबरात. म्हणजे राखणदार उठून गेला आणि मग कोठार उघडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पण मुख्य राखण आता आपणच केली पाहिजे. जुना भाव वहीत लिहिलेला असेल तरच नवा भाव उतरला की नाही हे कळेल.

बाईपणाचा जादा आकार

एकसारख्या दोन वस्तू, एक पुरुषांची, एक बायकांची, आणि बायकांची महाग. जगभर याला 'पिंक टॅक्स' म्हणतात. तो सरकार घेत नाही, बाजार घेतो. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ साली जवळजवळ आठशे वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या तेव्हा बायकांच्या वस्तू सरासरी सात टक्के महाग निघाल्या. न्यूयॉर्क राज्याने २०२० साली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून अशा भेदाला कायद्याने बंदी केली. आपल्याकडे असा कायदा नाही.

आपल्या गावच्या दुकानांत मात्र अडचण वेगळ्या रूपात येते. बायकांची वस्तू महाग असण्याआधी ती मिळतच नाही. फुटबॉलचे किंवा कुस्तीचे बूट बहुतेक मुलांच्या मापाचे ठेवलेले असतात. बाईच्या पावलाची ठेवण वेगळी असते, टाच तुलनेने अरुंद असते. मुलाचा बूट लांबीला बसला तरी टाचेत सैल राहतो, फोड येतात, घोटा मुरगळतो. दुकानदाराला विचारले की तो म्हणतो, "मुलींचा माल खपत नाही, म्हणून ठेवत नाही." मुली म्हणतात, "मिळत नाही म्हणून घेत नाही." या दुष्टचक्रात जो थोडा माल येतो तो मोठ्या कंपनीचा आणि महागडा असतो. निवड नसली की भाव विचारायची सोयही उरत नाही.

स्पोर्ट्स ब्राचा प्रश्न तर आपण आपसांतही दबक्या आवाजात बोलतो. अमेरिकेतल्या लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तीन बायकांनी १९७७ साली पहिली स्पोर्ट्स ब्रा बनवली, कारण पळताना होणारा त्रास त्यांनी स्वतः सोसला होता. इतकी वर्षे झाली, तरी आपल्याकडच्या खेळाच्या बऱ्याच दुकानांत ही वस्तू मागण्याची मुलीला हिंमत होत नाही. काउंटरवर पुरुष, आजूबाजूला मुलगे, माप घालून बघायला आडोसा नाही. मग ती वस्तू घेतलीच जात नाही, किंवा न बघता, न विचारता, सांगेल त्या भावाला घेतली जाते. लाजेचाही भाव असतो आणि तो मुलगी भरते. वयात आल्यावर मुली खेळ का सोडतात, याची मोठमोठी कारणे आपण चर्चासत्रांत मांडतो. त्यांतले एक कारण इतके लहान, इतके कापडाचे असते.

स्वस्त म्हणजे रास्त नव्हे

इथे थोडे थांबून मला दुसऱ्या बाजूच्या बायकांविषयी बोलायचे आहे. कारण 'स्वस्त द्या' एवढीच मागणी केली तर आपण कुणाच्या तरी पोटावर पाय देऊ.

आपल्या मैदानावरचा फुटबॉल कुठून येतो? बहुधा जालंधरहून. १९४७ च्या फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर आणि व्यापारी इकडे आले आणि जालंधर, मेरठ ही खेळाच्या सामानाची केंद्रे झाली. हाताने शिवलेल्या पारंपरिक चेंडूला बत्तीस तुकडे असतात, वीस षटकोनी, बारा पंचकोनी. हे तुकडे वस्त्यांमधल्या घरांत जातात आणि तिथे बायका ते शिवतात. मजुरी नगावर. स्वयंपाक, मुले, पाणी यांतून वेळ काढून, वाकून, मेणाच्या दोऱ्याने बोटे कापून घेत. नव्वदच्या दशकात सियालकोटच्या चेंडूंतल्या बालमजुरीवर जगभर ओरड झाली, १९९७ साली अटलांटा इथे करार झाला आणि जालंधरच्या उद्योगालाही देखरेखीची यंत्रणा उभारावी लागली. मुलांना कामावरून हटवा, हे योग्यच होते. पण घरी शिवणाऱ्या आईची मजुरी वाढवा, हे त्या जोराने कुणी म्हटले नाही. आईला पुरेसे मिळाले असते तर लेकराला सुई धरावी लागली नसती. घरबसल्या काम करणाऱ्यांना कामगाराचा दर्जा देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालचा आहे. 'सेवा'सारख्या संघटनांनी त्यासाठी जिवाचे रान केले, पण भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

कोल्हापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेच्या धाटणीची चप्पल मांडली, सुरुवातीला कोल्हापूरचे नावही न घेता, आणि सारा जिल्हा संतापला. २०१९ सालीच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. संताप रास्त होता. कारागिराच्या हातात काही शे रुपये आणि परदेशी काचेच्या कपाटात लाखाच्या घरातली किंमत, ही तफावत डोळ्यांत खुपली. पण त्या चपलेची वेणी घालणारे, नक्षी काढणारे हात बऱ्याचदा बाईचे असतात आणि घरच्या धंद्यात तिच्या कामाला वेगळी मजुरीच नसते, याबद्दल किती जण संतापले? मधले टक्के कोण खातो हा प्रश्न चपलेला लावला, तसाच तो चेंडूला आणि बुटालाही लावू या.

म्हणून माझ्या मते रास्त भावाची कसोटी तीन बायकांच्या नजरेतून लावली पाहिजे. चेंडू शिवणारी बाई, दुकानात दिवसभर उभी राहून तो विकणारी मुलगी, आणि तो पायाने उडवणारी खेळाडू. तिघींपैकी एकीचे पोट किंवा खेळ मारून जो भाव निघतो, तो कितीही कमी असला तरी रास्त नाही. आणि मधला वाटा जिथे फुगतो, तिथे तो उघड व्हायला हवा.

आपण काय करू शकतो

मैत्रिणींनो, हे सगळे वाचून 'बाजारापुढे आपण काय करणार' असे वाटू देऊ नका. काही गोष्टी या तिमाहीतच करता येतील.

पहिली गोष्ट, बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवून आठ दिवसांत तळ सुटलेल्या बुटाची जबाबदारी झटकता येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्कही नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर वैधमापनशास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करा.

दुसरी, भावाची वही ठेवा. प्रत्येक किशोरी गटाने पाच वस्तू ठरवाव्यात. फुटबॉल, कुस्तीचे किंवा पळण्याचे बूट, ट्रॅकपँट, स्पोर्ट्स ब्रा, दोरीउडी. तीन दुकानांत जाऊन मुलींनीच त्यांचे भाव आणि छापील किमती लिहून आणाव्यात. मुलींसाठीची आणि मुलांसाठीची तीच वस्तू शेजारी शेजारी लिहावी. मुलींना यातून टक्केवारी येईल आणि काउंटरवर मान वर करून विचारायची सवयही होईल. ही दुसरी शिकवण मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

तिसरी, एकत्र खरेदी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवते आणि मधले टप्पे वगळते. आपल्या जिल्ह्यात वारणा बाजारचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दहा बचत गटांनी मिळून साठ मुलींचे बूट मापांसह एकदम मागितले, तर स्थानिक दुकानदारालाही परवडते. त्याचा माल पडून राहत नाही, त्यामुळे तो टक्का सोडू शकतो. 'मुलींचा माल खपत नाही' या सबबीला साठ मापांची यादी हे उत्तर आहे. त्या यादीबरोबर दोन मागण्याही ठेवा. दुकानात माप बघायला आडोसा हवा आणि काउंटरवर एक बाई हवी.

चौथी, शाळेच्या पैशाचा हिशेब. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना दरवर्षी क्रीडासाहित्यासाठी प्राथमिकला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार आणि माध्यमिकला पंचवीस हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरलेले आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात. आपल्या कितीतरी कार्यकर्त्या या समित्यांवर आहेत, पण सहीपुरत्या. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. क्रीडा अनुदान किती आले? कोणत्या भावाने, कोणत्या दुकानातून काय घेतले? त्यातले मुलींच्या हातात किती वेळ असते? कपाटात कुलूपबंद असलेला किंवा दिवसभर मुलांच्याच पायात असलेला चेंडू मुलींसाठी घेतलेला नसतो.

पाचवी, बुटांची पेढी. वाढत्या वयात मुलीचा पाय वर्षभरात बूट सोडून देतो. ते बूट धुऊन, शिवून पुढच्या मुलीला द्यायची सोय गावातल्या अंगणवाडीच्या एका कोपऱ्यात होऊ शकते. यात 'उतरलेले' घालण्याचा कमीपणा येऊ नये म्हणून एक पथ्य पाळा. पेढीत मुले-मुली दोघांचे बूट ठेवा आणि प्रत्येक मुलीला निदान एक जोड तिच्या मापाचा, नवा, तिच्यासाठी म्हणून घेतलेला मिळेल असे बघा. कारण मुलीच्या वाट्याला कायम भावाचे उतरलेलेच यावे, ही रीत आपण मोडायला निघालो आहोत, ती पेढीच्या नावाने पुन्हा बसवायची नाही.

तालीम मंडळांनाही एक विनंती. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियम भरते, वर्गण्या निघतात, बक्षिसे लागतात. त्या पैशाचा ठरावीक वाटा मुलींच्या संघाच्या सामानासाठी बाजूला काढा आणि तो जाहीर करा. दान नको, वाटा हवा.

शाहू महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तेव्हा व्यापाराला हात कसा लावायचा असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. प्रजेचे पोट आधी, असा त्यांचा हिशेब होता. मुलींच्या खेळाबाबत तो हिशेब आज शासनाने, शाळेने, तालमीने आणि आपण सगळ्यांनी करायचा आहे. कुणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न सुटला नाही आणि या बाई बुटांविषयी लिहितात. माझे उत्तर इतकेच आहे की जी मुलगी मैदानात आपल्या पायावर उभी राहते, ती पुढे घरात आणि पंचायतीत भाकरीचा वाटाही मागते. तिने मागू नये असे ज्यांना वाटते त्यांना तिचे बूट फाटलेलेच बरे वाटतात.

आपापल्या गटात हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. भावाच्या वह्या भरा आणि त्या आपल्या अंकाकडे पाठवा. कोणत्या तालुक्यात कोणती वस्तू किती फरकाने विकली जाते हे आपल्याच मुलींनी गोळा केलेल्या आकड्यांतून मांडता आले, तर दुकानदारांच्या संघटनेशी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाशी बोलायला आपल्या हातात काही असेल.